कप्तानाच्या टोपीखाली

१

डॉक्टरांनी टोपी उचलली आणि खाली काहीच नव्हतं.

दिवाणावर पांढरी चादर, चादरीवर उशी, उशीवर कप्तानाची टोपी, आणि टोपीखाली माझ्या बायकोचा आवाज, अशी सगळी मांडणी मी दुपारीच करून ठेवली होती. आवाज म्हणजे तिचा छोटा रेकॉर्डर. ती ग्रंथालयात कामाला होती, तिथे जुन्या वाचकांच्या आठवणी त्यावर टिपून घ्यायची. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात त्यात ती काहीतरी बोलली होती. माझ्या हातात देताना म्हणाली, जेवणाच्या दिवशीच ऐकायचं, आधी नाही. ती गेल्यावर सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा मी तो ऐकला नाही. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही माझ्याकडे नाही. फोटो काढायला, व्हिडिओ घ्यायला नेहमी तीच पुढे असायची, त्यामुळे तिच्याकडच्या प्रत्येक व्हिडिओत दुसरंच कोणीतरी बोलतं आहे.

डॉक्टरांनी टोपी उलटी करून आत पाहिलं. म्हणाले, "कप्तानाची जबानीच गायब. वा. या वर्षी वहिनींनी कोडं भलतंच अवघड घातलंय."

मी म्हटलं, हे कोड्यात नाही.

सगळे हसले. धाकटी, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली की भाऊजींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा नट म्हणून उभं केलं आणि बघा कसं जमलंय. मी पुढच्या दाराकडे गेलो, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि म्हटलं की रेकॉर्डर मिळेपर्यंत या घरातून कोणी बाहेर जाणार नाही. तेव्हा ते आणखी हसले. डॉक्टरांनी तर टाळ्या वाजवल्या.

माझी मुलगी तेवढी हसली नाही. पण ती लहानपणापासूनच कमी हसते.

२

आमच्याकडचं हे जेवण काय असतं ते सांगतो. थंडी सुरू झाली की एका रविवारी संध्याकाळी बायको घरी खून घडवून आणायची. गोष्ट तिची, सोंगं तिची. प्रत्येकाला आधी एक कागद मिळायचा, त्यात तुम्ही कोण आणि कोणावर तुमचा राग आहे एवढंच लिहिलेलं. सूप झालं की दिवे जायचे. अंधारात सगळ्यांनी उठून जागा बदलायच्या, म्हणजे खुनी कोणीही असू शकतो. दिवे आले की दिवाणावर प्रेत. मग गोड खाईपर्यंत एकमेकांची उलटतपासणी.

प्रेत दर वर्षी मीच असायचो. मी जन्मभर बस चालवली, मला चार वाक्यं पाठ करून म्हणता येत नाहीत. बायको म्हणायची, तुम्ही आडवे व्हा, तेवढं तुम्हाला छान येतं. नियम दोनच. प्रेताने बोलायचं नाही आणि डोळे उघडायचे नाहीत. तसा पडल्या पडल्या मी दर वर्षीचा खेळ कानांनी बघितला.

या वर्षीचा खेळ तिने हॉस्पिटलमध्ये लिहिला होता. जहाजावर कप्तानाचा खून. शेजारचे दाताचे डॉक्टर जहाजाचे मालक. धाकटी एक श्रीमंत विधवा. कपडेवाल्या बाई गायिका. त्या नाटकमंडळींचे कपडे शिवतात, बायकोच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. मुलगी जहाजावरची स्वयंपाकीण. आणि माझ्या कागदावर लिहिलं होतं, तपासनीस. दर वर्षीचे तपासनीस डॉक्टर, त्यामुळे ते जरा नाराज होते. कप्तान कोण, तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. दिवाणावर फक्त तिची टोपी असणार, आणि तपासनिसाने टोपीखालची जबानी सगळ्यांसमोर लावायची. ऐन वेळी माझा हात पुढे होईना, म्हणून डॉक्टरांनी टोपी उचलली.

त्या संध्याकाळच्या पुढचं मी काही ठरवलं नव्हतं. जे ठरवलं होतं ते कोणाला सांगायचं नव्हतं.

मुलगी सकाळीच तिच्या गावाहून आली. बॅग घेऊन जेवणाच्या खोलीतून आत जाताना तिने दिवाणासमोर एक पाऊल मोठं टाकलं. तिथली एक फरशी सैल आहे, पाय पडला की खट् वाजते. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला टेबल, त्यामुळे दिवाणापाशी जायचं तर तिच्यावरूनच जावं लागतं. मुलगी लहान असताना अंधारात येऊन प्रेताच्या तळव्यांना गुदगुल्या करायची, आणि आईला कळू नये म्हणून ती फरशी ओलांडून यायची. पावलांना अजून आठवण होती. तिला स्वतःला असेल असं वाटलं नाही, कारण ती फोनवर बोलत होती.

३

हे खरं आहे हे त्यांना पटायला वेळ लागला. मी ओरडलो नाही, पण किल्ली मुठीत किती आवळली होती ते बाईंनी पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा गायिकेचा तुरा काढून टेबलावर ठेवला. मग बाकीचेही हसायचे थांबले.

मी म्हटलं, सूप संपल्यावर मी पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच बंद केला. तेव्हा रेकॉर्डर टोपीखाली होता, जाता जाता मी बोट लावून पाहिलं होतं. पुन्हा दिवे लावले तेव्हा नव्हता. मधल्या वेळात खोलीत तुम्ही चौघंच होतात.

धाकटीने स्वतःची पर्स टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी मालकाच्या कोटाचे खिसे बाहेर काढून दाखवले. बाईंनी सांगितलं की डॉक्टरांचा कोट सोडला तर यंदाच्या कपड्यांना त्यांनी खिसे ठेवलेलेच नाहीत, वेळच मिळाला नाही, आणि स्वतःच उठून मुलीचा स्वयंपाकिणीचा झगा आणि पोटावरचा ॲप्रन चाचपला. काही नव्हतं. मी दिवाणाखाली, गादीखाली, कपाटात पाहिलं. ओणवा झालो तो उठता येईना, तेव्हा डॉक्टरांनी हात दिला.

मग मी एकेकाला स्वयंपाकघरात बोलावून विचारायचं ठरवलं. ओव्हनमध्ये कोंबडी सुकत होती ती कोणी बाहेर काढली नाही.

डॉक्टर आधी आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले की अंधारात ते धाकटीच्या खुर्चीवर जाऊन बसले, दिवाणाच्या बाजूला गेलेच नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला तपासनीस व्हायचं होतं. ते म्हणाले, हो, राग आला होता, म्हणून मी मेलेल्या बाईचा आवाज चोरीन का. मग म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, मी एक विचारू? तुमच्या घरातून मी नेली ती फक्त झाडं, आणि ती तुम्ही आणून दिलीत. गच्चीवरची सगळी. एक कुंडी ठेवली नाहीत. का?"

मी म्हटलं, पाणी घालायला होत नाही.

"आणि डोळ्याचं ऑपरेशन? माझ्या मित्राकडे दोनदा वेळ घेतली तुमच्यासाठी. दोन्ही वेळा म्हणालात, जेवण होऊ दे, मग बघू."

मी त्यांना जायला सांगितलं.

बाईंचा गुडघा दुखतो, त्या उभ्यानेच बोलल्या. अंधारात त्या जागेवरून हलल्याच नव्हत्या, नियम मोडला एवढा गुन्हा कबूल आहे म्हणाल्या. नंतर दारामागे टांगलेल्या ॲप्रनच्या दोरीकडे बघत त्यांनी विचारलं, "दादा, तिचं शिलाई मशीन माझ्याकडे पाठवलंत. ती असती तर मला हात लावू दिला नसता. तुम्हाला घरात नको झालंय का ते?" मी कशाला उत्तर देऊ, प्रश्न मी विचारत होतो.

धाकटी आली ती भांडायच्या तयारीत. हॉस्पिटलात शेवटपर्यंत बहिणीजवळ तीच बसायची, मला आत बसवत नव्हतं, मी बाहेरच्या बाकावर असायचो. मी विचारलं, रेकॉर्डरमध्ये काय आहे ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे, कारण तोंडासमोर मीच धरला होता. मग तुला तो मला ऐकू द्यायचा नसेल, असं मी म्हटलं.

"मला नसता ऐकू द्यायचा तर मी तिथेच पुसला असता, भाऊजी. टोपीखालून कशाला उचलू?" मग आवाज उतरवून म्हणाली, "परवा तुम्ही मला घराची दुसरी किल्ली दिलीत. म्हणालात, लागेल. कशाला लागेल?"

४

मुलीला मी आत बोलावलं नाही. तिला काय विचारणार? दर रविवारी तिचा फोन येतो. माझ्याकडे राहायला या म्हणते. मी म्हणतो, जेवण होऊ दे, मग बघू.

मी बाहेर आलो. चौघंही टेबलाशी बसली होती, कोणाच्या ताटात काही नव्हतं. डॉक्टर बिचारे भुकेचे कच्चे आहेत. त्यांनी हळूच विचारलं, निदान पाव तरी मिळेल का. मुलगी टोपली आपल्याकडे ओढून घेत म्हणाली, "पाव संपला, काका."

मी दिवाणाच्या कडेला बसलो. तिचा आवाज या खोलीत होता, आणि मी इतका जवळ असून तो मिळत नव्हता. पॅसेजमध्ये स्विचपाशी उभा असताना काय काय ऐकलं ते मी आठवू लागलो. खुर्च्या सरकल्या. डॉक्टर खाकरले. धाकटीच्या बांगड्या वाजल्या. कोणीतरी, बहुतेक बाई, अंधारात पुटपुटल्या. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उठून उभा राहिलो.

फरशी वाजली नव्हती.

इतकी वर्षं अंधारात त्या दिवाणावर पडून मी ती फरशी ऐकली आहे. खुनी जवळ आला की खट्. तपासनीस आला की खट्. आज कोणीतरी दिवाणापाशी आलं, टोपी उचलली, खालचा रेकॉर्डर घेतला, टोपी पुन्हा ठेवली, परत गेलं, आणि फरशी एकदाही वाजली नाही.

मी म्हटलं, खेळ पुढे चालू करू. मी प्रेत बनतो. दिवे घालवा. एकेकाने टेबलापासून दिवाणापर्यंत यायचं, माझ्या छातीवरची टोपी उचलायची, परत ठेवायची आणि जायचं. कोण येतंय ते सांगायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, याने काय कळणार? मी म्हटलं, काहीच कळलं नाही तर किल्ली तुमच्या हातात देतो.

५

मी आडवा झालो. टोपी छातीवर घेतली. डोळे मिटले. धाकटीने स्विच बंद केला आणि परत आली.

पहिली पावलं जड, नव्या बुटांची. खट्. टोपी उचलली गेली, ठेवली गेली. जाताना पुन्हा खट्. हे डॉक्टर.

नंतर बांगड्या. खट्. टोपी. खट्. धाकटी.

मग एक पाय ओढत आला. बाईंना म्हटलं असतं की तुम्ही बसा, पण प्रेताने बोलायचं नसतं. खट्. त्या टोपी ठेवताना क्षणभर थांबल्या, बहुधा टोपी नीट करत होत्या. खट्.

मग बराच वेळ कोणी आलं नाही.

शेवटी हलकी, भरभर पावलं आली. दिवाणाजवळ येताच फरशी वाजली. बाकीच्यांच्या पायाखाली वाजली तशी नाही. टाच मुद्दाम आपटावी तशी, मोठ्याने.

मी डोळे मिटूनच होतो. छातीवरून टोपी उचलली गेली.

मी म्हटलं, "दिवे लावा."

दिवे लागले. मुलगी माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभी होती, पाय अजून त्या फरशीवर.

मी उठून बसलो आणि बाकीच्यांना सांगितलं. दिवे गेले तेव्हा जे कोणी इथे आलं, त्याच्या पायाखाली फरशी वाजली नाही. म्हणजे त्याला ती ठाऊक होती. तुम्हा तिघांना ती चुकवायची सवय नाही, म्हणून आत्ता तुम्ही येता जाता दोन्ही वेळा तिच्यावर पाय दिलात. हिला ठाऊक आहे. ही गुदगुल्या करायला यायची तेव्हापासून त्या फरशीवर पाय देत नाही. सकाळी बॅग घेऊन आली तेव्हाही दिला नाही. आज आत्ता दिला, कारण तिघांच्या वेळी वाजली आणि आपल्या वेळी वाजली नाही तर पकडले जाऊ, असं तिला वाटलं.

डॉक्टर म्हणाले, पण मग रेकॉर्डर कुठे आहे?

मी म्हटलं, पाव मी स्वतः कापला. दोन मोठे पाव. सुपाबरोबर प्रत्येकाने एखादा तुकडा घेतला असेल. इतक्यात संपेल कसा?

मी टेबलाशी गेलो. टोपलीवरचा नॅपकिन बाजूला केला. पावाचे काप होते. कापांच्या खाली, तळाशी, रेकॉर्डर होता.

६

मी तो उचलायच्या आत तिने टोपलीवर हात ठेवला. तिचा हात आईसारखा आहे, बोटं लांब.

मी म्हटलं, दे.

ती म्हणाली, "ऐकून झालं की मग काय करणार, बाबा?"

मी म्हटलं, मग काय, जेवू.

"आणि जेवून झालं की?"

बोलण्यासारखं ते तिघं स्वयंपाकघरात एकेक करून बोलले होते, आणि आता एकमेकांकडे बघत होते. झाडं. मशीन. किल्ली. प्रत्येकाला आपलं एकट्याचं वाटलं होतं.

मुलगी म्हणाली, "पेपर बंद केलात. आईची घड्याळं माझ्या नवऱ्याला पार्सल केलीत. काहीही विचारलं की जेवण होऊ दे, मग बघू. मी सारखा विचार केला, या माणसाला जेवणापर्यंतच का थांबायचंय. मग कळलं. हे ऐकायचं बाकी आहे म्हणून थांबलात. हे ऐकलं की तुमचं काही बाकीच राहत नाही." तिने टोपली आणखी जवळ ओढली. "म्हणून मी उचललं. शोधा म्हटलं. वर्षभर शोधा. मला शिव्या द्या, मला चोर म्हणा. शोधायचं असेपर्यंत तरी राहाल."

मला वाटलं होतं की मी चोर शोधतोय. खरं तर सगळा वेळ ती मला शोधत होती, आणि मी सापडलो होतो. खोटं बोलता आलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर पाठ केलेलं वाक्य म्हणायला मला कधीच जमलं नाही.

मी म्हटलं, "मला तिच्याशिवाय काही करता येत नाही."

बाई रडायला लागल्या. डॉक्टर उठून खिडकीशी गेले आणि खिडकी विनाकारण उघडली.

तेव्हा धाकटी म्हणाली, "लाव गं. ऐकू दे त्यांना. काय आहे ते मला माहीत आहे."

मुलगी हात काढेना. धाकटीने तिच्या खांद्याला धरून म्हटलं, "तू समजतेस तसं काही नाही त्यात. निरोपबिरोप काही नाही. लाव."

मुलीने रेकॉर्डर काढला, त्यावरचा पावाचा चुरा पुसला आणि बटण दाबलं.

आधी हॉस्पिटलच्या खोलीतला आवाज. कसलं तरी यंत्र. मग ती. फार बारीक, पण तीच. "मी या जहाजाची कप्तान. काल संध्याकाळी माझा..." श्वास. पुन्हा श्वास, लांब, ओढून घेतलेला. भांड्याचा आवाज, कोणीतरी पाणी दिलं असावं. "माझा खून..." पुन्हा थांबली. मग कप्तानाच्या नाही, स्वतःच्या आवाजात, जरा वैतागून, "नाही जमत गं आज. ठेव ते. उद्या करू."

बटण बंद झाल्याचा आवाज.

एवढंच. मी वाट पाहत राहिलो. धाकटीने सांगितलं की दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी रेकॉर्डर माझ्या हातात दिला तेव्हा तिला वाटत होतं की सगळं बोलून झालंय, आणि नाही म्हणायचं धाकटीच्या जिवावर आलं.

म्हणजे कप्तानाचा खुनी कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की तिने मला काहीतरी शेवटचं सांगितलं असेल, आणि ते ऐकलं की हिशेब पुरा होईल. तिने काहीच पुरं केलं नव्हतं. ती उद्याचं बोलत होती.

मला कोणी हात लावला ते आठवत नाही. मला एवढं आठवतं की मी खाली फरशीवर बसलो होतो आणि मुलगी माझ्या बाजूला, आणि डॉक्टर म्हणत होते की आज ते इथेच झोपणार, त्यांच्या घोरण्याला कोणी नावं ठेवायची नाहीत. धाकटीने माझ्या मुठीतली किल्ली सोडवून घेतली. बोटांवर किल्लीचे दाते उमटले होते. मग बाईंनी ओव्हन उघडून पाहिला आणि म्हणाल्या, कोंबडी करपली, पण पाव पुष्कळ आहे.

आम्ही पाव खाल्ला.

७

मी दिवाणावरच झोपलो. झोपलो म्हणजे डोळे मिटून पडलो. डॉक्टर खरंच आतल्या खोलीत घोरत होते.

उजाडलं ते मला पापण्यांवरून कळलं. मी डोळे उघडले नाहीत. उघडले की तो दिवस सुरू होणार होता, ज्याचं मी काहीही ठरवलं नव्हतं. रेकॉर्डर मुलीकडे होता. गच्चीवर झाडं नव्हती. पेपर येणार नव्हता. तसाच पडून राहिलो तर मला चालणार होतं. तेवढं मला छान येतं.

पावलं आली. हलकी, अनवाणी. दिवाणाजवळ येऊन थांबली. मला वाटलं, ती ओलांडेल.

खट्.

मग पुन्हा, मुद्दाम, खट्.

तिचा श्वास ऐकू येत होता. तळव्याला काहीतरी लागलं, एका बोटाचं टोक, आणि लगेच निघून गेलं.

"बाबा?"

प्रेताने बोलायचं नसतं. मी डोळे उघडले.

"मी जागा आहे," मी म्हटलं.